आधी जीव, मग जाब

लिस्बन शहराच्या पश्चिम भागात, आल्कान्तारा खोऱ्याच्या उतारावर, कासाल व्हेन्तोसो नावाची एक दाटीवाटीची दरिद्री वस्ती गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत उभी होती. आणि हेरॉइनची जितकी उघड, जितकी निर्ढावलेली खरेदी-विक्री तेथे दिवसाढवळ्या चाले, तितकी त्या काळी सबंध युरोपात क्वचितच कोठे चालत असेल. रोज हजारो माणसे त्या चढउताराच्या गल्ल्यांतून येत, पुडी घेत, भिंतीच्या आडोशाला बसून दंडात सुई टोचून घेत आणि तीच सुई शेजारच्याच्या हाती देत. त्या सुईबरोबर एचआयव्हीचा विषाणू एका देहातून दुसऱ्या देहात जाई. ज्या देशाची लोकसंख्या जेमतेम एक कोटी, त्या देशात हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांची संख्या एक लाखाच्या घरात पोचली आहे असा तेथील जाणत्यांचा अंदाज होता. म्हणजे शंभरांत एक, आणि कामगाराचे घर कोणते नि प्रतिष्ठिताचे घर कोणते हा भेद या संकटाने मुळीच ठेवला नव्हता.

हे सारे थोड्या काळात घडले होते. जवळजवळ अर्धशतक टिकलेली हुकूमशाही, जिची ओळख आपल्याला गोमंतकाच्या इतिहासामुळे वेगळी करून द्यावी लागत नाही, ती १९७४ च्या एप्रिल महिन्यात कोसळली. आफ्रिकेतील वसाहतींतून सैनिक आणि विस्थापित कुटुंबे लाखांच्या संख्येने मायदेशी परतली. बंद दारे एकाएकी उघडली, आणि ज्या समाजाला मादक द्रव्यांविषयी कसलीच माहिती नव्हती त्या समाजात प्रथम गांजा-चरस आणि मागोमाग हेरॉइन येऊन पोचले. सरकारने प्रारंभी जे करावयाचे तेच केले: धरपकड केली, शिक्षा वाढविल्या, भिंतीभिंतींवर भयसूचक फलक लावले. तुरुंग भरले, आणि तुरुंगातही सुया फिरू लागल्या.

अखेरीस १९९८ साली, आंतोनियो गुतेरेस हे पंतप्रधान असताना (हेच गृहस्थ पुढे संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस झाले), सरकारने नऊ जाणकारांची एक समिती नेमून तिच्याकडून शिफारशी मागविल्या. तिच्या सभासदांत जुआंव गुलांव नावाचे एक डॉक्टर होते. दक्षिणेच्या आल्गार्व्ह प्रांतात कुटुंबवैद्य म्हणून काम करताना व्यसनाधीन तरुण आणि त्यांचे हतबल आईबाप त्यांच्या दवाखान्याची पायरी चढत आले, आणि पुस्तकात न सापडणारे शिक्षण त्यांना त्या माणसांकडून मिळाले. समितीच्या शिफारशींवरून २००० साली कायदा झाला आणि १ जुलै २००१ पासून तो अमलात आला. जाता जाता सांगावयास हवे की, या कायद्याच्या वेळी पोर्तुगालचे न्यायमंत्री होते आंतोनियो कॉस्ता. मडगावात वाढलेले लेखक ओर्लांदो द कॉस्ता यांचे चिरंजीव, ज्यांना घरात कोंकणीत ‘बाबुश’ म्हणून हाक मारीत आणि जे पुढे त्या देशाचे पंतप्रधान झाले.

या कायद्याविषयी आपल्याकडे एक गैरसमज रूढ आहे, तो हा की पोर्तुगालने मादक द्रव्ये खुली केली. तसे काही झालेले नाही. विक्री हा तेथे आजही फौजदारी गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे. बदलले ते इतकेच, की दहा दिवस पुरेल एवढा साठा स्वतःच्या सेवनासाठी जवळ बाळगणाऱ्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याऐवजी बहात्तर तासांच्या आत एका त्रिसदस्य समितीपुढे हजर व्हावे लागते. समितीत एक कायद्याचा जाणकार आणि दोघे वैद्यक, मानसशास्त्र वा समाजकार्य यांतले असतात. ही बैठक न्यायालयात भरत नाही. गणवेश नाही, उंच आसन नाही. साध्या कचेरीतल्या साध्या टेबलाभोवती, समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारले जाते की तू काय घेतोस, किती दिवसांपासून, कोणाच्या संगतीत, झोप लागते का, नोकरी टिकली आहे का. ज्याला व्यसन जडलेले नाही त्याचे प्रकरण बहुधा समज देऊन तहकूब ठेवतात. ज्याला जडले आहे त्याला उपचाराची वाट दाखवितात, आणि त्याला दंड मात्र करीत नाहीत. व्यसनी माणसाकडून दंड वसूल करणे म्हणजे त्याला चोरीला प्रवृत्त करणे, हे शहाणपण प्रत्यक्ष कायद्याच्या कलमांत उतरले, याचे मला फार अप्रूप वाटते.

परिणाम काय झाला? सुईवाटे एचआयव्हीची बाधा झालेले नवे रुग्ण शतकाच्या आरंभी वर्षाला हजाराच्या आसपास सापडत; दोन दशकांनी ती संख्या दोन आकड्यांत आली. अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण पश्चिम युरोपातील अगदी कमी प्रमाणांपैकी एक झाले. ही सारी पुण्याई केवळ एका कायद्याची नव्हे. स्वच्छ सुया, हेरॉइनऐवजी दिले जाणारे मेथाडोन हे औषध घेऊन वस्त्यांतून फिरणाऱ्या गाड्या, उपचारकेंद्रे, नोकरी देणाऱ्या मालकाला सरकारी साहाय्य, असे पुष्कळ काही त्याच्या जोडीला होते. आणि २०१० नंतरच्या आर्थिक काटकसरीत ही जोडव्यवस्था जेथे जेथे खंगली, तेथे लिस्बन आणि पोर्तो शहरांच्या गल्ल्यांत जुने दुःख पुन्हा डोके वर काढू लागले, हेही नमूद केले पाहिजे. म्हणजे कायद्याने वाट मोकळी केली. चालावयाचे ते मनुष्यबळाने आणि पैशाने.

परंतु मला पोर्तुगालची हकीकत सांगावीशी वाटली ती हेरॉइनपुरती नव्हे. नशेच्या द्रव्यांपासून माणसाला जो अपाय होतो त्याचा एक अंश द्रव्यातच असतो आणि तो कोणत्याही उपायाने सर्वस्वी नाहीसा होत नाही. त्या द्रव्यांपासून दूर राहणे हाच निर्भय मार्ग, यात संशय नाही. पण अपायाचा दुसरा आणि फार मोठा अंश अज्ञानातून येतो, आणि तिसरा भयातून. आपल्यापुढे बसलेला मुलगा घेणारच आहे, किंवा घेऊन चुकला आहे, अशा वेळी ‘घेऊ नकोस’ हे वाक्य खरे असूनही अपुरे पडते. त्या क्षणी त्याच्या प्राणाचे रक्षण ज्या माहितीने होईल ती त्याला नाकारण्याचा अधिकार कोणत्याही पालकाला, शिक्षकाला वा सरकारला आहे असे मला वाटत नाही.

अज्ञानाचे पहिले रूप म्हणजे पुडीत काय आहे हेच न कळणे. मुंबईकरांना याची भीषण प्रचीती दारूच्या बाबतीत आलेली आहे. २०१५ च्या जून महिन्यात मालाडच्या मालवणी भागात गावठी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. ती दारूच्या अंमलाने नव्हे, तर तिच्यात मिसळलेल्या मेथिल अल्कोहोलने. चव आणि वासावरून हे ओळखण्याचे साधन त्या मजुरांजवळ नव्हते. गोळ्या, पूड आणि कागदाचे तुकडे यांच्या बाबतीतही नेमके हेच आहे. २०१४ च्या डिसेंबरात नेदरलँड्समधल्या एका प्रयोगशाळेत ‘सुपरमॅन’चे चिन्ह असलेली एक तांबूस गोळी तपासणीला आली. एक्स्टसी म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या गोळीत अपेक्षित एमडीएमए नव्हते. त्याऐवजी पीएमएमए नावाचे त्याहून घातक द्रव्य मोठ्या मात्रेत होते. या द्रव्याचा दुष्टपणा असा की त्याचा अंमल सावकाश चढतो; अर्धा-पाऊण तास काहीच जाणवले नाही म्हणून ‘माल कमकुवत आहे’ असे समजून माणूस दुसरी गोळी घेतो, आणि मग दोन्ही मिळून शरीराचे तापमान प्राणांतिक पातळीपर्यंत नेतात. डच सरकारने १९९२ पासूनच अशा तपासणीची व्यवस्था ठेवलेली असल्यामुळे तेथे देशभर तात्काळ इशारा गेला. इंग्लंडात अशी व्यवस्था नव्हती. तसल्याच गोळ्यांनी तेथे नववर्षाच्या सुमारास चौघांचा बळी घेतला.

पुढे इंग्लंडातही मतपरिवर्तन झाले. फिओना मेशम या गुन्हेशास्त्रज्ञ बाईंनी उभारलेल्या ‘द लूप’ या संस्थेने २०१६ च्या उन्हाळ्यात केंब्रिजशायरमधल्या एका संगीतोत्सवात, स्थानिक पोलिसांच्या संमतीने, तपासणीचा तंबू टाकला. तेथील कामाची रीत पाहण्यासारखी आहे. येणारा आपल्या जवळच्या द्रव्यातला किंचित अंश तेथे ठेवतो आणि एक क्रमांक घेऊन जातो. नाव विचारले जात नाही. मागच्या बाजूला रसायनशास्त्रज्ञ अवरक्त किरणांच्या यंत्राने त्याचे पृथक्करण करतात. काही वेळाने तो परत आला की एक परिचारिका किंवा समुपदेशक त्याला एकांतात बसवून निष्कर्ष सांगते, सोबत कोणती औषधे चालू आहेत हे विचारते, आणि कोणतेही द्रव्य निर्धोक नसते हे स्पष्ट शब्दांत बजावते. दिलेला नमुना परत मिळत नाही. त्या उत्सवात सुमारे अडीचशे नमुने तपासले गेले. पाचांतला जवळपास एक नमुना जे म्हणून विकला गेला होता ते नव्हताच, आणि निष्कर्ष ऐकून पाचांतल्या एकाने आपल्याजवळचे उरलेले द्रव्य नष्ट करण्यासाठी तेथेच टाकून दिले. ज्या मुलाला शाळेतली व्याख्याने आणि भिंतीवरची कवटीची चित्रे परावृत्त करू शकली नाहीत, त्याला एका छापील निष्कर्षाने आणि पंधरा मिनिटांच्या सभ्य संभाषणाने परावृत्त केले! अशा तपासणीने नशेला उत्तेजन मिळते असा आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण टाकून दिलेल्या त्या पुड्यांचा विचार त्यांनी करावा अशी माझी विनंती आहे.

आपल्याकडे असा तंबू नाही, आणि घोटाळा मात्र विपुल आहे. मुंबई-पुण्याकडे ‘एमडी’ म्हणून जी पूड विकली जाते ती मेफेड्रोन. २०१५ साली तिचा समावेश अंमली पदार्थांच्या कायद्यात झाला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत पुण्याजवळच्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत तिचा प्रचंड साठा पोलिसांनी जप्त केला. नामसादृश्यामुळे एखादा कॉलेजातला मुलगा तिला एमडीएमए समजून बसतो. मेफेड्रोनचा अंमल दोन-तीन तासांत उतरतो आणि उतरताना पुन्हा घेण्याची अनावर ओढ लावतो. एका रात्रीत दहा वेळा घेणारी मुले त्याच ओढीने तेथवर पोचतात. तसेच एलएसडी म्हणून विकल्या जाणाऱ्या कागदाच्या चौकोनी तुकड्यांवर कित्येकदा ‘एनबोम’ वर्गातले द्रव्य असते. ते जिभेला कडू लागते, रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि त्याने झटके येऊन माणसे मेल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत.

चित्तवृत्ती पालटून टाकणाऱ्या, ज्यांना सायकेडेलिक म्हणतात त्या द्रव्यांचा विचार थोडा स्वतंत्र करावा लागतो, कारण त्यांचा मुख्य धोका देहापेक्षा मनाला आणि मनामार्फत देहाला असतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण एलएसडीच्या जन्मकथेतच आहे. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरी सँडोझ कंपनीत काम करणारे रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी १९ एप्रिल १९४३ रोजी एलएसडीचा पाव मिलिग्रॅम अंश स्वतःवर प्रयोग म्हणून घेतला. ज्ञात द्रव्यांच्या मानाने ही मात्रा त्यांना क्षुल्लक वाटली होती. प्रत्यक्षात ती भरपूर ठरली. थोड्याच वेळात बोलणे कठीण झाले, तेव्हा त्यांनी प्रयोगशाळेतल्या सहायिकेला आपल्याबरोबर घरापर्यंत चलण्याची विनंती केली. महायुद्धामुळे मोटारीवर निर्बंध होते, म्हणून दोघे सायकलवरून निघाले. घरी पोचेपर्यंत भिंती हलू लागल्या होत्या, फर्निचर अक्राळविक्राळ रूपे धारण करीत होते, आणि दूध घेऊन आलेली शेजारीण त्यांना मुखवटा चढविलेली दुष्ट चेटकीण भासली. आपण वेडे झालो किंवा मरत आहो अशी त्यांची खात्री झाली. डॉक्टर आले, नाडी, श्वास, रक्तदाब सारे तपासले, बुबुळे विस्फारली होती याखेरीज काही वावगे आढळले नाही, आणि हे डॉक्टरांनी शांतपणे सांगितल्यानंतर भय हळूहळू ओसरले. मग रंगांची नि आकृतींची लीला पाहत ते थकून झोपी गेले आणि सकाळी ताजेतवाने उठले.

या हकीकतीत आजच्या सर्व सावधगिरीची बीजे आहेत. मात्रेचा अंदाज साफ चुकू शकतो, ज्ञानी माणसाचाही. सोबत शुद्धीवर असलेला, विश्वासाचा माणूस हवा. भीती आणि परिसर मिळून अनुभवाला नरकाची दिशा देऊ शकतात, आणि एक शांत स्वर ती दिशा पालटू शकतो. आणि डॉक्टरांना बोलाविताना हॉफमन यांच्या घरी कोणाला पोलिसांची भीती नव्हती.

पुढे १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी भागात डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी मोफत दवाखाना काढला, तेव्हा घाबरलेल्या तरुणांना सक्तीने जखडून टाकण्याऐवजी निवांत खोलीत बसवून धीर देण्याची पद्धत तेथे रुळली. तिचाच विस्तार आज पोर्तुगालमध्ये पाहावयास मिळतो, आणि त्याचा धागा आपल्या गोव्यापर्यंत येतो. हणजुणेच्या किनाऱ्यावर जमणाऱ्या परदेशी तरुणांच्या रात्रींतून ‘गोवा ट्रान्स’ हा संगीतप्रकार आकाराला आला. त्याच्या प्रभावाखाली १९९७ साली पोर्तुगालमध्ये ‘बूम’ नावाचा उत्सव सुरू झाला, जो आता इदान्या-आ-नोव्हाच्या जलाशयाकाठी दर दोन वर्षांनी भरतो. तेथे नाचाच्या मैदानापासून दूर ‘कॉस्मिकेअर’ची एक छावणी असते. मंद प्रकाश, अंथरूण, पांघरूण, पाणी. आणि प्रत्येक भेदरलेल्या माणसाजवळ बसलेला एक प्रशिक्षित स्वयंसेवक. तो उपदेश करीत नाही, ‘हे सारे खोटे आहे’ असा वाद घालीत नाही, अंगाला हात लावण्यापूर्वी विचारतो. ‘तू एक द्रव्य घेतले आहेस, त्याचा अंमल काही तासांनी उतरेल, तोवर मी येथे आहे’ एवढे पुन्हा पुन्हा सांगतो. वैद्यकीय पथक हाकेच्या अंतरावर असते, कारण ताप, झटके, छातीतली कळ किंवा न थांबणारा उन्माद ही धीर देण्याची नव्हे, तात्काळ उपचाराची लक्षणे होत. गोव्यातून निघालेले संगीत तेथे ही छावणी घेऊन नांदते. गोव्याच्या स्वतःच्या किनाऱ्यावर ती नाही, याची मला खंत आहे.

काही माणसांनी मात्र या द्रव्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. ज्यांना स्वतःला किंवा ज्यांच्या आईवडील-भावंडांपैकी कोणाला स्किझोफ्रेनिया अथवा उन्माद-विषादाचा विकार झालेला आहे त्यांच्या बाबतीत ही द्रव्ये सुप्त विकाराला जाग आणू शकतात. मोठमोठ्या विद्यापीठांत आज याच वर्गातल्या सायलोसायबिनचे जे उपचारप्रयोग चालू आहेत तेथेही अशा व्यक्तींना वगळतात. लिथियमच्या गोळ्या चालू असताना ही द्रव्ये घेतल्यास झटके येऊ शकतात. नैराश्यावरील काही औषधे आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके एमडीएमएबरोबर पोटात गेली तर मेंदूतल्या सिरोटोनिनचा अतिरेक होऊन ज्वर, थरथर, स्नायूंचा ताठरपणा असे प्राणघातक लक्षणसमूह उद्भवतात. घरात मनोविकाराचा इतिहास लपविण्याची आपल्याकडे जी रीत आहे, ती या ठिकाणी मुलांच्या जिवावर बेतते. आजोबांना काय झाले होते हे नातवाला ठाऊक असले पाहिजे.

आता पाण्याची गोष्ट. १९९२ साली मँचेस्टरच्या नगरपालिकेने नृत्यगृहांसाठी जी सुरक्षितता-मोहीम काढली तिच्यात फुकट पिण्याचे पाणी आणि गार हवेची विश्रांतीची जागा यांचा आग्रह होता, तो योग्यच. कारण एमडीएमए घेऊन कोंदट जागेत तासन्‌तास नाचणाऱ्याचे शरीर तापून तापून निकामी होते. पण अर्धी माहिती कशी घातक होते ते तीन वर्षांनी दिसले. एसेक्स परगण्यात एका मुलीने आपल्या अठराव्या वाढदिवसाच्या मेजवानीत एक गोळी घेतली, बरे वाटेना म्हणून दीड तासात सुमारे सात लिटर पाणी प्यायली, आणि त्यातच गेली. एमडीएमए शरीरातील पाणी बाहेर टाकण्याची क्रिया मंद करते. मग अतिरिक्त पाण्याने रक्तातले सोडियम उतरते आणि मेंदूला सूज येते. नाचणाऱ्याने तासाला अर्धा लिटरच्या आसपास, तेही घोटघोट, जमल्यास मीठ-साखर घालून घ्यावे, आणि मधूनमधून बसावे. नुसते ‘भरपूर पाणी पी’ हा सल्ला देऊ नये.

होळीच्या भांगेचेही असेच. ओढलेला गांजा मिनिटांत चढतो. पोटात गेलेली भांग यकृतातून वळसा घेऊन येते म्हणून तासभर, कधी दोन तास काहीच कळू देत नाही. पहिल्या पेल्याने काही होत नाही म्हणून दुसरा रिचविणारे पाहुणे संध्याकाळी हातपाय गारठून, छाती धडधडत, आपण मरतो आहोत म्हणून रडत बसलेले प्रत्येक मोठ्या वाड्याने पाहिलेले आहेत. त्यांना अंधाऱ्या खोलीत कुशीवर निजवावे, जवळ कोणीतरी बसावे, आणि त्या अवस्थेत गाडीची किल्ली त्यांच्या हाती देऊ नये.

सर्वांत निकडीची माहिती आहे ती श्वासाची. हेरॉइन, गर्द, कोडीनचे खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉल ही सारी अफूच्या कुळातली द्रव्ये मेंदूतल्या श्वसनकेंद्राला गुंगी आणतात. त्यांच्या जोडीला दारू किंवा अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी पडली की ही गुंगी दुणावते. अशा माणसाच्या घशातून येणारी घरघर मित्रांना घोरणे वाटते, ‘झोपू दे त्याला’ म्हणून ते दिवा मालवितात आणि सकाळी ओठ निळे पडलेले सापडतात. हलवून, हाक मारून जो जागा होत नाही आणि ज्याचे श्वास मिनिटाला मोजके झाले आहेत तो झोपलेला नाही, तो मरत आहे. त्याला कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यावा. नॅलॉक्सोन नावाचे औषध काही मिनिटांत ही गुंगी उतरविते, परंतु त्याचा परिणाम द्रव्याच्या परिणामापूर्वी ओसरू शकतो, म्हणून शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात नेलेच पाहिजे. आणि एक गोष्ट फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असते: उपचारकेंद्रातून किंवा तुरुंगातून नुकता सुटून आलेला माणूस सर्वांत अधिक धोक्यात असतो. काही आठवड्यांच्या संयमाने शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. मोहाच्या एका क्षणी त्याने पूर्वीचीच मात्रा घेतली तर ती आता प्राण घेते. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये, आणि पाय घसरलाच तर तो घरच्यांना सांगू शकेल इतका विश्वास शिल्लक ठेवावा.

हा विश्वास कसा ठेवावा हे महाराष्ट्राला परक्याने शिकविण्याची गरज नाही. गर्दने मुंबई-पुण्याची पोरे पोखरली त्या काळात अनिल अवचटांनी तो विषय लिहून काढला आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचटांनी, पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने, पुण्यात मुक्तांगण सुरू केले. तेथे दाखल होणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून नव्हे, मित्र म्हणून पाहण्याचा जो परिपाठ घातला गेला तो आजही चालू आहे. सुईने नशा करणाऱ्यांना स्वच्छ सुया पुरविणे आणि पर्यायी औषध म्हणून बुप्रेनॉर्फिनची गोळी देऊन त्यांना स्थिर करणे, हे उपक्रम आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या योजनांत आहेत. मार्गदर्शनासाठी १४४४६ ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा आहे. मग अडते कोठे? अडते ते ऐन रात्री, मित्र जमिनीवर निपचित पडलेला असताना, उरलेल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिले त्या क्षणी. दूरध्वनी करावा तर पोलीस येतील, घरी कळेल, कॉलेजातून नाव कमी होईल; म्हणून ते वाट पाहतात, तोंडावर पाणी मारतात, कधी दाराबाहेर ठेवून निघून जातात.

आणि त्यांचे भय निराधार नाही. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या २७ व्या कलमान्वये नुसते सेवन हाही गुन्हा असून द्रव्यानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद आहे. ६४-अ कलमाने व्यसनाधीन व्यक्तीने स्वेच्छेने सरकारमान्य संस्थेत उपचार पत्करला तर तिला खटल्यापासून मुक्तता दिलेली आहे. तरतूद मोठी दयाळू आहे, पण ती व्यसनाधीनासाठी आणि उपचार पुरा करणाऱ्यासाठी आहे. प्रथमच गोळी घेतलेल्या मुलाला ती लागू पडत नाही, आणि त्याच्यासाठी मदत मागणाऱ्या मित्राला तर मुळीच नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्याने २००७ साली आणि कॅनडाने २०१७ साली अशा मदत मागणाऱ्याला, आणि ज्याच्यासाठी मागितली त्यालाही, सेवन वा बाळगण्याच्या आरोपातून मोकळे ठेवणारे कायदे केले. आपल्या न्यायव्यवस्थेला हे तत्त्व अपरिचित नाही. परमानंद कटारा यांच्या याचिकेवर १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध सांगितले की जखमी माणूस दारी आला की प्रत्येक डॉक्टराने, सरकारी असो वा खासगी, प्रथम त्याचा जीव वाचवावा, पोलिसी सोपस्कार नंतर व्हावेत. आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालून अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिले गेले. त्या कलमाच्या धर्तीवर, अतिसेवनाने बेशुद्ध पडलेल्यासाठी रुग्णवाहिका बोलाविणाऱ्यावर आणि त्या रुग्णावर केवळ सेवनाचा किंवा अल्प साठ्याचा खटला भरला जाणार नाही, अशी तरतूद १९८५ च्या कायद्यात व्हावयास हवी. महाराष्ट्रातील खासदारांनी, पक्षभेद बाजूस ठेवून, तिचा मसुदा संसदेपुढे आणावा. आणि तोवर गृहखात्याने प्रत्येक पोलीस ठाण्याला परिपत्रक काढून कळवावे की १०८ वर आलेल्या अशा हाकेमागे प्रथम डॉक्टर जातील, शिपाई नव्हे.